पितळेचं दाढीचं मशीन

माझ्या अमरावतीतल्या राजापेठच्या खोलीत मोरीवरच्या फळीवर एक पितळेचं दाढीचं मशीन आहे. बाजारात मिळतं त्यापेक्षा जड. दांड्यावर बारीक चौकडी कोरलेली, साबणाच्या हातातून निसटू नये म्हणून. एक दिवसाआड मी त्यात साधी पत्ती घालतो आणि दाढी करतो. चार वर्षांत एकदाही कापलं नाही. असं मशीन दर्यापूर तालुक्यातल्या घराघरात असायला हवं होतं. ते नाही. त्याला कारण कुठली कंपनी नाही, सरकारही नाही. कारण मी आहे. हे लिहायला मला चार वर्षं लागली, कारण दुसऱ्याला दोष देणारी वाक्यंच मला पाठ आहेत.

तेव्हा मी शेतकऱ्यांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचो. बियाण्यावर, भारनियमनावर, कापूस मोजणाऱ्या काट्यावर. गावात जायचं, माणसांचं ऐकायचं, संध्याकाळच्या एसटीत गुडघ्यावर वही ठेवून मजकूर जुळवायचा आणि सकाळी छापायला टाकायचा. माझ्या पत्रकात एकही ओळ शांत नसायची. संघटनेतली मोठी माणसं म्हणायची, पोट्ट्याच्या लेखणीला धार आहे. मला ते आवडायचं.

ती वर्षं अशी होती की बाहेरचे लोक आमच्याकडे शेतकऱ्यांची मरणं मोजायला यायचे. मोठ्या गाड्या यायच्या, फोटो निघायचे. जिवंत माणसांच्या तोंडाकडे कोणी नीट पाहत नव्हतं. मीही नव्हतो. दर्यापूरजवळच्या एका गावात पारावर मी कापसाच्या भावाबद्दल बोलत होतो, तेवढ्यात पुढे बसलेला एक म्हातारा उठला आणि त्याने हनवटी माझ्यासमोर धरली.

"ते भावाचं सोड बावा. हे पाह्य."

गळ्यापासून कानापर्यंत लाल पुरळ. त्यात जुने-नवे काप.

"याच्या बायकोले वाटते मांजर ओरबाडून गेली," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. हसणाऱ्यांचे गालही तसेच होते.

त्याने मला घरी नेऊन दाखवलं. भिंतीवरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं प्लॅस्टिकचं रेझर. दोनतीनदा वापरून फेकून द्यायचं, त्यातलं. बाप, दोन लेक आणि सणाला आला तर जावई, सगळ्यांना तेच. दर आठवड्याला घरी येऊन दाढी करणारा गावचा म्हाली, म्हणजे न्हावी, अकोल्याला निघून गेला होता. "आता आमीच आमचे म्हाली," म्हातारा म्हणाला. बाजारात टिनाचं मशीन मिळायचं, ते दोन महिन्यांत गंजायचं आणि हलायचं. चांगलं, जड, परदेशी बनावटीचं अमरावतीच्या मोठ्या दुकानात काचेच्या कपाटात होतं, आणि त्याची किंमत विचारायला मलाच लाज वाटली होती. पत्ती मात्र कुठल्याही पानठेल्यावर. म्हणजे पातं सगळ्यांना परवडतं, पण ते नीट धरून ठेवणारी मूठ परवडत नाही! एसटीत बसल्या बसल्या मी हे वहीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

तशी मूठ कोणी इथेच बनवून देईल का, हे विचारत मी अकोल्याच्या एका गल्लीत पोचलो. बंद पडलेल्या एका जिनाच्या मागे एका म्हाताऱ्या कारागिराचं लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचं, दुकान होतं; सगळे त्यांना चाचा म्हणत. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. चाळीस वर्षं चाचांनी आसपासच्या जिनांचे रोलर, शाफ्ट, बोल्ट बनवले होते. आता जिनाच्या अंगणात गाजरगवत माजलं होतं आणि चाचा दिवसातून एखाद्या सायकलचा आस सरळ करून द्यायचे.

"दाढीचं मशीन?" छातीपर्यंत आलेल्या पांढऱ्या दाढीवरून त्यांनी हात फिरवला. "अबे, मशिदीत येऊन घंटा मागून राहिला तू."

समोरच्या सलूनच्या दारात उभा असलेला न्हावी खदाखदा हसला. "करून दे ना बे त्याले. तुही दाढी राहू दे, माही हनवटी घे भाड्यानं."

त्याला सगळी गल्ली भाऊ म्हणायची. मीही म्हणू लागलो. एक खुर्ची, एक आरसा, आणि आरशाला लावलेली झेंडूची सुकलेली माळ, एवढंच त्याचं सलून. गल्लीत दुसरा न्हावी नव्हता. चाचा आणि तो वीस वर्षं समोरासमोर बसून एकमेकांना शिव्या देत होते. चहा मात्र एकाच कपात अर्धा अर्धा.

चाचांच्या जावयाला त्या जागेत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. सासऱ्याशी तो वाईट वागत नव्हता. त्याने मुदत दिली होती, कार्तिकातल्या कौंडण्यपूरच्या जत्रेपर्यंत. तोवर लेथला रोजचं काम लागलं तर लेथ राहील. नाही लागलं तर भंगारवाला येईल. चाचांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, लेथच्या चाकावर हात ठेवून. "हा माह्या निकाहाच्या आधीचा हाये. याले घेऊन जातानी मले पाहावं नाई लागलं पायजे, एवढंच."

मग ठरलं. शंभर मशीनं करायची, जत्रेत विकायची, आणि एकदा लोकांच्या हातात पडली की काम आपोआप येत राहील. किंमत एका दिवसाच्या मजुरीत बसली पाहिजे, हा माझा हट्ट. पितळ भंगारातून आणायचं, फुटक्या नळाच्या तोट्या, मोडक्या समया. ते ओतून त्याच्या कांड्या करून घ्यायच्या.

पहिलं मशीन माझ्या गालावर चाललं आणि मी ओरडलो. केस कापले जात नव्हते, उपटले जात होते. भाऊने मशीन उघडून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"अबे, याची सरकी काढून राहिला का तू?"

खरंच तसंच झालं होतं. जिनात सुरी रोलरला घट्ट चिकटलेली असावी लागते, तेव्हाच सरकीवरून रुई ओढून निघते. चाचांचा हात चाळीस वर्षं त्याच अंदाजाने चाललेला. त्यांनी पत्तीही तशीच चिकटवून बसवली होती. जगात दुसरा कोणी कारागीर ही चूक करणार नाही. चाचांनी ते मशीन उजेडात धरून पाहिलं. मग त्यांनी कपाटातून स्वतःच्या छातीचा जुना एक्स-रे काढला, त्याची बारीक पट्टी कापली आणि ती पत्तीखाली सरकवून फट मोजायला लागले. "बरगडी कामाला आली," म्हणाले.

त्या दिवसापासून पारख भाऊची. तो डोळे मिटून स्वतःच्या गालावर मशीन फिरवायचा आणि कान द्यायचा.

"आवाज ऐक. कडब्यावर पाय पडल्यावानी आला पायजे. हा टीन फाडल्यावानी येऊन राहिला. नाई. परत कर."

आणि चाचा परत करायचे. बारा वेळा, पंधरा वेळा. तयार झालेलं मशीन ते लेथशेजारच्या लाकडी टेबलावर ठेवायचे आणि भाऊ तिथून उचलायचा. हातातून हातात कधीच नाही. एकदा मी घाईत सरळ हात पुढे केला तर दोघांनीही डोळे वटारले.

"धारेची वस्तू हातात देत नाईत," भाऊ म्हणाला. "नातं तुटते."

मी म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. त्यावर आमचं पत्रकसुद्धा आहे.

"असन," चाचा म्हणाले. "पर टेबल हाये ना बेटा. ठेवाले का जाते?"

भाऊला मी विचारलं होतं, लोक घरी दाढी करायला लागले तर तुमचं कसं? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही शाळकरी प्रश्न विचारला होता. "जो माह्या खुर्चीपर्यंत येऊ शकते तो येईनच. जो येऊ शकत नाई त्याचा गाल तरी नीट राहू दे. अन एक सांगू? माणूस पहिली दाढी शिकते कोणापासून? न्हाव्यापासून. तू कागदं वाटून कोणाले दाढी शिकवशीन?" म्हणजे विकायची सगळी मदार त्याच्यावर होती. जत्रेत तो खुर्ची टाकून बसणार होता. अर्धा गाल स्वतः करून द्यायचा, उरलेला अर्धा माणसाकडून करून घ्यायचा, कोन कसा धरायचा, गरम पाणी किती वेळ. दर्यापूर रस्त्यावरच्या ओळखीच्या न्हाव्यांनाही त्याने निरोप धाडले होते की तुमच्या दुकानात मशीनं ठेवा. ते तयार झाले, कारण निरोप भाऊचा होता.

एका दुपारी वीज गेलेली होती. लेथ बंद, म्हणून चाचा घरी जेवायला गेलेले. भाऊ दारात बसून वस्तऱ्याला लावायची पत्ती मधोमध मोडत होता. सलूनमध्ये एक पत्ती मोडून दोन तुकडे करतात, एका गिऱ्हाइकाला एक तुकडा. तुकडा हातात धरून तो बोलायला लागला. मी विचारलं नव्हतं.

त्याच्या गावात पूर्वी प्रत्येक घराकडून वर्षाची ज्वारी मिळायची. मग सगळीकडे सोयाबीन आलं. लोकांनी ज्वारी पेरणंच सोडलं. द्यायची इच्छा असली तरी घरात ती नव्हतीच. "सोयाबीन काय भाकरीले थापू का? त्याईले तरी काय बोलू." म्हणून तो अकोल्यात आला. पहिलं वर्ष असं गेलं की पत्ती घ्यायलाही हात आखडायचा. "तवा मी एक पाप केलं गड्या. अर्धी पत्ती, दोन माणसं. देव पाहे, मी डोये मिटून घेवो." एकाच हंगामात केलं, म्हणाला, मग स्वतःचीच शिसारी आली आणि सोडलं. "चाचाले बी सांगतलं नाई. तुले काहून सांगून राहिलो कोण जाणे."

मी काही बोललो नाही. मला वाटतं त्याला माझं गप्प बसणं आवडलं. त्याला वाटलं असेल, पोट्ट्याने हे पोटात ठेवलं.

मी ते वहीत ठेवलं.

जत्रेच्या आधी पंधरा दिवस मी पत्रक लिहिलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक, असं मला तेव्हा वाटलं. 'तुमच्या गालावर कोणाचं रक्त फिरतं?' हे शीर्षक. मग सलूनमधल्या उष्ट्या पत्त्या, रोगराई, आणि मध्यभागी जाड अक्षरात: "एक कारागीर स्वतः कबूल करतो, 'अर्धी पत्ती, दोन माणसं. देव पाहे, मी डोये मिटून घेवो.'" एकाच हंगामात केलं, मग सोडलं, हे मी गाळलं. जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याने वाक्याची धार बोथट होत होती. नाव घातलं नाही. मी कोणाचं नाव कधीच घालत नसे, त्याचा मला अभिमान होता. सगळ्यात खाली चौकटीत लिहिलं, मशीन मिळण्याचं ठिकाण: अकोल्याची ती गल्ली.

ज्या गल्लीत एकच न्हावी होता.

पत्रक अकोल्यात वाटलं गेलं, दर्यापूरला गेलं, रस्त्यावरच्या सगळ्या थांब्यांवर गेलं. चार दिवसांनी मी आनंदात गल्लीत शिरलो. भाऊच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, तोंडाला फेस लावलेलं. मी दारात थांबलो.

"भाऊ, नवी पत्ती घे बरं. माह्यासमोर फोड," तो माणूस आरशात पाहत म्हणाला. तो रोजचाच होता. त्याचा सूर वाईट नव्हता, म्हणून ते जास्त वाईट वाटलं.

भाऊने कागद फाडला, पत्ती वर धरली, दोन्ही बाजू दाखवल्या. मग मोडली. दाढी केली. तो माणूस गेल्यावर त्याने मला हाताने खुर्ची दाखवली. मी बसलो. त्याने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, साबण लावला, नवा कागद फाडला आणि पत्ती माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"पाहून घे. नवी हाये."

"भाऊ, मी तुमचं नाव..."

"हलू नको. लागन."

त्याने पूर्ण दाढी केली. त्याचा हात नेहमीसारखाच हलका होता. शेवटी तुरटी फिरवताना म्हणाला, "नाव नाई घातलं तू. माह्या तोंडचं बोलणं घातलं. माह्या तोंडचं बोलणं ह्या गल्लीत कोणाले वळखू येत नाई, सांग मले."

मी म्हटलं, मी दुसरं पत्रक काढतो. खुलासा करतो. ठळक अक्षरात.

"आणखीन कागद?" तो म्हणाला. "नको बावा."

चाचांच्या दुकानात मशीनं तयार होती. लाकडी पेटीत, वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेली. वीज असूनही लेथ बंद होता. दर्यापूर रस्त्यावरच्या न्हाव्यांचे निरोप उलटे आले होते. ज्या कागदाने आमच्या तोंडावर थुंकलं, त्या कागदाचं मशीन आमच्या दुकानात ठेवायचं का? त्यांचं बरोबर होतं. पण मी तेव्हा बरोबर-चूक पाहत नव्हतो, मी भांडत होतो. भांडणं हाच माझा धंदा.

"जे लिहिलं ते खोटं आहे का चाचा? सांगा ना, एक शब्द खोटा आहे का?"

चाचांनी पेटीचं झाकण लावून घेतलं. "खोटं नाई. पर ते त्यानं तुले विकाले नव्हतं देलं."

मी म्हटलं, ठीक आहे, मी एकटा विकतो जत्रेत. पेटी द्या.

"भाऊ बसन तर पेटी जाईन."

"आणि लेथ? मुदत संपते आहे!"

"मले माहीत हाये कधी संपते," ते म्हणाले. "ज्याच्या गालावर पारखलं, त्याच्याच पोटात खुपसू का? लेथसाठी?"

त्यांनी समोर जाऊन भाऊची समजूत काढली नाही. भाऊनेही येऊन 'ने पेटी' म्हटलं नाही. मला कळत होतं की दोघांपैकी एकाने एक शब्द बोलायचा अवकाश आहे. आणि तो शब्द ते का बोलत नाहीत, हेही कळत होतं. भाऊचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. चहा अजून एकाच कपात यायचा, पण आता त्यातला अर्धा बहुतेक तसाच राहायचा.

जत्रेला मी गेलो. रिकाम्या हातांनी. वर्धेच्या काठावर झाडाखाली बरेच न्हावी बसले होते, समोर रांगा होत्या. रांगेतल्या माणसांचे गाल मी पाहत फिरलो. पुरळ, काप, वाळलेलं रक्त. दर्यापूरजवळचा तो म्हातारा दिसेल या भीतीने मी लवकर परतलो. दिसला असता तर काय सांगणार होतो? तुझ्यासाठी मशीन केलं होतं बाबा, झकास केलं होतं, पेटीत आहे.

लेथ नेला त्या दिवशी चाचांनी मला बोलावलं नव्हतं. जावयाने फोन केला, माणसं कमी पडतील म्हणून. मी गेलो. दोरखंड, लोखंडी पाइप, सहा माणसं. भाऊही आला होता. सलून बंद करून, बाह्या वर करून. लेथ जमिनीवरून सुटताना चाचा खरोखरच पाहत नव्हते, ते पाठ करून जिनाच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. टेम्पोत लेथ चढला. मग हत्यारं, मग लाकडी टेबल, मग पेटी. पेटी पितळेच्या वजनाने गेली. आत काय आहे ते भंगारवाल्याने उघडूनही पाहिलं नाही.

टेम्पो गेल्यावर दुकान एकदम मोठं दिसायला लागलं. जमिनीवर लेथच्या पायांचे चार पांढरे ठसे होते. भाऊ सलून उघडायला गेला. मी पायांवरची धूळ झटकत उभा. चाचांनी सदऱ्याच्या खिशातून एक मशीन काढलं. ते पेटीत घातलेलं नव्हतं.

"हे तुव्हं."

आणि त्यांनी ते माझ्या हातात दिलं. सरळ. त्यांच्या तळहातावरून माझ्या तळहातावर. पितळ त्यांच्या अंगाच्या उबेने कोमट होतं. मी घेतलं, बरं म्हटलं आणि निघालो. मूर्तिजापूर गेल्यावर एसटीत माझ्या लक्षात आलं.

तेव्हापासून मी स्वतःला सांगतो की टेबल टेम्पोत गेलं होतं. ठेवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून हातात दिलं असेल. त्या अंधश्रद्धेवर आमचं पत्रक आहे, ते मीच लिहिलं होतं.

पण जमीन होती.